अण्णांचा वस्तरा आणि गुलाबी कागद

कनेरगाव नाक्यावर माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, दाढी-कटिंगची टपरी होती. एक लाकडी खुर्ची, एक आरसा, पाण्याची कळशी आणि अण्णांचं तोंड. यात तोंडच सगळ्यात जास्त चालायचं. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे ट्रकवाले ढाब्यावर जेवून अण्णांच्या खुर्चीत येऊन टेकायचे आणि गप्पा ऐकता ऐकता घोरायला लागायचे. अण्णांना त्याचा राग नव्हता, उलट गर्व होता. "गिऱ्हाईक झोपलं न्हाई म्हंजे दाढी झाली न्हाई," असं ते म्हणायचे. गालावरून वस्तरा फिरतोय हे ज्याला कळलं, त्याच्या गालावरून वस्तरा नाही, खुरपं फिरलं, असा त्यांचा हिशोब होता.

हा वस्तरा त्यांच्या आजोबांचा. काळ्या शिंगाची मूठ आणि रुंद पातं. निजामाच्या कुण्या अंमलदारानं खूश होऊन दिला म्हणे. तो अंमलदार मात्र दरवेळी गोष्टीत बढती घ्यायचा. माझ्या लहानपणी तो जमादार होता, माझं लग्न होईपर्यंत तालुकदार झाला. खंडेनवमीला आई धोकटीची, म्हणजे हत्यारांच्या चामडी पिशवीची, हळदकुंकू वाहून पूजा करायची. एरवी बाईमाणसानं धोकटीला हात लावायचा नाही. मी लावायचे. मला कुणी नको म्हटलं की माझा हात आपोआप तिकडेच जातो. हा स्वभाव मी अण्णांकडूनच घेतलेला, त्यामुळे माझ्यावर ओरडताना त्यांनाही जरा अवघडच जायचं.

आमच्या घराण्यात एक रीत होती. न्हावी स्वतःची दाढी स्वतः करत नाही. आपल्याच गळ्यावर आपणच वस्तरा धरणं चांगलं नाही, असं आमचे आजे-पणजे मानत आले. मग न्हाव्याची दाढी करणार कोण? दुसरा न्हावी. अण्णांचा हा दुसरा न्हावी म्हणजे जिल्ह्याची हद्द ओलांडून वाशीमकडच्या एका गावातून येणारे त्यांचे दोस्त. आम्ही त्यांना काका म्हणायचो. सोमवारी गिऱ्हाईक फिरकत नसे, म्हणून सोमवारी काका एसटीनं यायचे. आधी अण्णा त्यांची दाढी करायचे, मग ते अण्णांची. आधी काका झोपायचे, मग अण्णा. जो जागा असेल तो दुसऱ्याला शिव्या घालत दाढी करायचा. अण्णा काकांच्या वऱ्हाडी बोलीची नक्कल करायचे, काका अण्णांच्या मराठवाडी बोलीची. आई म्हणायची, हे दोघं एकमेकांचे गाल सोडून बाकी सगळं सोलतात.

नव्वदच्या दशकात दवाखान्यांच्या भिंतींवर चित्रं आली, की एड्स टाळायचा तर दर गिऱ्हाइकाला नवीन पत्ती वापरा. त्यात काही खोटं नव्हतं. अण्णा वस्तरा गिऱ्हाइकासमोर उकळत्या पाण्यात बुडवून काढायचे, पण तरण्या पोरांना पत्तीच पाहिजे होती. माझ्या धाकट्या भावानं हिंगोलीला गोल फिरणारी खुर्ची टाकली, अर्धी पत्ती अडकवायचा चिमटा घेतला आणि त्याचं दुकान जोरात चालू लागलं. अण्णांकडे राहिली ती जुनी खोडं. त्याचंही अण्णांना विशेष दुःख नव्हतं. खरं दुखणं वेगळंच होतं. गिऱ्हाइकं झोपेनाशी झाली होती.

दोष वस्तऱ्याचा नव्हता, दगडाचा होता. ज्या दगडावर वस्तरा पाजळायचा तोही आजोबांचाच, आणि घासून घासून तो मधोमध खोलगट झाला होता. त्याच्यावर पातं सपाट बसेचना. मग अण्णा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फटाफट ओढायचे, तळहातावर फिरवायचे, आणि धार आली असं स्वतःला सांगायचे. एका सोमवारी काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते खुर्चीतून उठूनच बसले आणि म्हणाले, "तुया वस्तऱ्यानं दाढी होत नाई लेका, उपटल्या जाते." अण्णा तेव्हा हसले. पण त्या दिवशी ते जेवताना एक शब्द बोलले नाहीत, आणि अण्णा जेवताना गप्प म्हणजे घरात काहीतरी मोडलं असं आम्ही समजायचो.

याच सुमाराला माझं लग्न होऊन मी हिंगोलीला गेले. माझा नवरा टेलिफोनच्या ठेकेदाराकडे काचेच्या तारा जोडायचं काम करायचा. रस्त्याकडेनं जमिनीखालून केबल चालली होती, तिच्या पोटात केसाएवढे काचेचे धागे. अण्णांनी जावयाची ओळख गावाला अशी करून दिली: "आमी केस कापतो, जावई केस जोडून राहिले." त्या धाग्याचं टोक एका बोंडात, म्हणजे कनेक्टरात, बसवायचं आणि मग ते एका कागदावर गोल गोल घासून आरशासारखं करायचं, असं ते काम. कागद म्हणायचं, पण तो होता प्लास्टिकचा, पातळ आणि लवचीक, अंगावर डोळ्यांना न दिसणारी घासपूड चढवलेला. निळा थोडा खरखरीत, गुलाबी त्याहून मऊ, आणि पांढरा इतका गुळगुळीत की त्याला काही घासता येतं यावर विश्वास बसू नये. वापरून झालेले तुकडे ठेकेदार फेकून देत असे. नवरा ते घरी आणायचा. का आणायचा, त्यालाही ठाऊक नव्हतं. पुरुष कुठलीही वस्तू टाकून देत नाहीत आणि कुठलीही जागेवर ठेवत नाहीत.

मी आधी गुलाबी कागदानं समई घासली. मग शिवणाची कात्री घासली. कात्री कापडातून अशी गेली की मला काही क्षण कळेचना, कापलं की नुसतीच चालवली. आणि मला वस्तरा आठवला.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा कागद बरोबर नेले. अण्णांच्या टपरीतल्या फुटक्या आरशाचा एक तुकडा घेतला, कारण आरशाएवढं सपाट आमच्या घरात दुसरं काही नव्हतं, जमीनसुद्धा नाही. काचेवर पाण्याचे थेंब टाकले की कागद असा चिकटून बसतो की खळ लावल्यासारखा. अण्णा ओट्यावर बसून बघत होते.

"प्लास्टिकच्या कागदानं कुठं लोखंड झिजतं का? काहून वेळ घालवून राहिली?" ते म्हणाले.

"झिजलं न्हाई तर तुमचं काय जाईल?" मी म्हटलं.

"व्हय, तेबी बराबर हाय," म्हणून त्यांनी वस्तरा माझ्यापुढं सरकवला. परवानगी नव्हती ती, तुच्छता होती. पण मला तेवढी पुरली.

पहिल्या दिवशी मी माती खाल्ली. कागदाखाली वाळूचा एक कण राहिला होता. तिथं कागद उचलला गेला, पातं त्यात रुतलं, कागद चिरला आणि धारेला बारीक दात पडला. अण्णांनी तो दात उन्हात धरून आईला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, आणि रस्त्यानं चाललेल्या एका ओळखीच्या कंडक्टरलासुद्धा. मला इतका राग आला की मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी काच धुतली, कागद धुतला, हात धुतले, आणि पुन्हा निळ्यापासून सुरुवात केली. पात्याची पाठ आणि धार दोन्ही कागदाला टेकलेली. धार पुढं ठेवून सरकवायचं, टोकाला पोचलं की पाठीवर उलटवायचं, धारेवर कधीच नाही. जोर अजिबात लावायचा नाही. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन असतं तेवढंच. मला हे जोर न लावणंच सगळ्यात जड गेलं. माझा जन्म जोर लावण्यात गेलाय. पण निळ्यानं तो दात काढला, गुलाबीनं निळ्याचे ओरखडे काढले, आणि पांढऱ्यावरून उतरल्यावर त्या धारेत मला माझा डोळा दिसला. डोक्यातला एक केस उपटून धारेवर सोडला. तो खाली पडला तेव्हा त्याचे दोन झाले होते.

अण्णांनी हे काही पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले एक मोठे शेतकरी टपरीवर आले. त्यांच्या मिशा पंचक्रोशीत नावाजलेल्या. त्यांना दाढी करून हवी होती आणि मिशीची कड कोरून. अण्णांनी साबण लावला, वस्तरा उचलला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, बोथट वस्तऱ्याला लागतो तेवढा जोर देऊन मिशीच्या कडेला टेकवला. प्लास्टिकच्या कागदानं काय होणार होतं? रेघ मारावी तसा वस्तरा सरकला आणि डावी मिशी अर्धी, साबणासकट, अण्णांच्या हातावर आली. रक्ताचा थेंब नाही. शेतकऱ्यांना कळलंसुद्धा नाही, कारण ते झोपले होते.

 शेवटी अर्धी मिशी ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून उजवीही उतरवली. ते गृहस्थ घरी गेले तर सुनेनं पदर पुढं ओढून आत निरोप दिला म्हणतात, की कुणी पाव्हणे आलेत. महिनाभर ते नाक्याकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्या दिवशीवानी झोप पुन्हा लागली न्हाई. कर दाढी. मिशीला हात लावला तर बघ."

अण्णांनी माझं कौतुक केलं नाही. ते आमच्यात नसतंच. पण पुढच्या खेपेला मी माहेरी गेले, तर मी झोपायचे त्या खोलीच्या खिडकीत वस्तरा ठेवलेला होता, बाजूला आरशाचा तुकडा, आणि तो स्वच्छ धुतलेला. तिथून पुढं मी जाईन तेव्हा वस्तरा माझ्याकडे यायचा. धार बघायला गाल लागायचा, तो नवऱ्याचा घ्यायचे. माझ्या हातून त्याची दाढी उत्तम व्हायची, पण तो काही झोपला नाही. डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत बसायचा. बायकोच्या हातात वस्तरा आणि आपला गळा, असं असताना झोपणारा माणूस मलाही आवडला नसता.

मग एका पावसाळ्यात काकांना लकवा झाला. जिभेवरचा पुढं उतरला, पायातला बराच उतरला, उजव्या हातातला मात्र उतरला नाही. अण्णा त्यांना भेटून आले ते थेट टपरीत जाऊन बसले. सोमवार होता, मी माहेरी आलेली. समोर रिकामी खुर्ची. मला ते बघवेना. आईनं खोदून विचारलं तेव्हा एवढंच कळलं, की काका त्यांच्यापुढं रडले आणि अण्णांनी त्यांना शब्द दिला: "तुझा हात पुन्हा चालंस्तोवर माझ्या गालाला दुसऱ्याचा हात लागणार न्हाई."

आणि दाढी वाढू लागली. हसू येईल, पण न्हाव्याला दाढी म्हणजे गावाला कोडं. जो तो विचारायचा, घरात कोण गेलं? ओळख नसलेले ट्रकवाले टपरीपुढं थांबायचे, अण्णांकडे बघायचे आणि पुढं जायचे. भाऊ हिंगोलीहून पत्ती घेऊन आला. त्याला अण्णांनी पत्तीसकट परत पाठवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही जळलेला नव्हता.

त्यातच भावाची सोयरीक निघाली. मुलगी कुरुंद्याची. एका लग्नात भावानं तिला बघितलं होतं आणि तेव्हापासून तो हिंगोलीच्या गिऱ्हाइकांचे केस कान सांभाळून कापत नव्हता. मुलीचे वडीलही न्हावीच. ते आमचं घर बघायला यायचे होते, आणि न्हावी न्हाव्याच्या घरी गेला की आधी काय बघतो? भिंती नाही, गोठा नाही. गाल बघतो. दाढी वाढलेला व्याही दिसला की तो घरात सुतक आहे असं समजून पाणीही न घेता मागे फिरणार, नाही तर दहा ठिकाणी सांगणार, की ज्याला स्वतःची दाढी करून घ्यायला माणूस नाही त्याच्या घरी पोरगी काय द्यायची! भाऊ माझ्यापुढं रडकुंडीला आला. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "शब्द मोडून सोयरीक करू? अशी सोयरीक टिकंल व्हय?" मला अण्णांचा राग आला, आणि त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्त आला.

काकांना फोन केला तो आईनं, अण्णांना न सांगता. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी काका एसटीतून उतरले. उजवा हात फडक्यात गळ्याशी बांधलेला, डाव्या हातात पिशवी. टपरीपुढं उभे राहून त्यांनी अण्णांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कायले रे, देवाले सोडला का तुले? बोकड दिसून राह्यला नुसता."

"शब्द देलाय तुला," अण्णा म्हणाले.

"मी काय मेलो का? हातासाठी शब्द देला ना? मंग हात आणला म्या." त्यांनी पिशवी खाली टाकून डावा हात वर धरला. "दाढीले दोन हात लागते. एक कातडी ताणाले, एक वस्तरा चालवाले. ताणाचा हा माया. बस खुर्चीत."

"अन् चालवायचा?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "वस्तरा कोण पाजळते?"

अण्णांनी हनुवटी माझ्याकडे वळवली. 

"मंग तिलेच दे," काका म्हणाले.

अण्णांनी धोकटीतून वस्तरा काढून माझ्यापुढं धरला. धोकटीला हात लावू नको म्हणणारा माणूस तो. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा स्वतःच गळ्याभोवती गुंडाळला आणि मान मागे टेकवली.  नवऱ्याचा गाल वेगळा आणि बापाचा गाल वेगळा. मी साबण इतका लावला की फक्त नाक दिसत होतं. "पोरी, वाळते तो," काका म्हणाले तेव्हा मी वस्तरा उघडला.

काका खुर्चीच्या डाव्या बाजूला उभे, मी उजव्या. त्यांनी कानाजवळची कातडी अंगठ्यानं वर ओढून धरली आणि मी तिथून वस्तरा खाली आणला. जोर लावला नाही. पुढं बोट सरकलं की पुढं वस्तरा. काही वेळानं मला त्यांचं बोट बघावं लागेना. ते कुठं जाणार हे माझ्या हाताला आधीच कळायला लागलं. दोन माणसांनी एका माणसाची दाढी करायची हे ऐकायला तमाशा वाटतो, पण त्या सकाळी रस्त्यावरचे ट्रकसुद्धा मला ऐकू येत नव्हते. मला फक्त केस कापले जात असल्याचा तो बारीक आवाज येत होता, आणि हळूहळू त्यात आणखी एक आवाज मिसळला. मी थबकले. काकांनी डोळ्यांनीच खूण केली. अण्णा घोरत होते.

माझ्या हाताखाली आजवर एकही माणूस झोपला नव्हता. मला रडू आलं आणि वस्तरा हातात असताना रडता येत नाही, म्हणून मी नाक ओढून गळ्याकडे वळले.

अर्धी दाढी बाकी असताना नाक्यावर काळी-पिवळी जीप थांबली आणि पाहुणे उतरले. दुपारी येणारे सकाळीच आले होते. आई घरातून धावत आली, भाऊ मागं पांढराफटक. मुलीचे वडील टपरीपाशी आले आणि थांबले. एक बाई वस्तरा धरून, एक लुळा माणूस गाल धरून, आणि होणारा व्याही तोंड उघडं टाकून झोपलेला. आई काहीतरी सांगायला लागली. त्यांनी हातानंच तिला थांबवलं. त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि दाढी पूर्ण होईपर्यंत खांबाला टेकून उभे राहिले.  आम्ही तुरटी फिरवली तेव्हा अण्णा जागे झाले.

मुलीच्या वडिलांनी रामराम केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पाव्हणं, दाढी कुणी केली?"

अण्णांनी पंच्यानं तोंड पुसलं. "यानं," असं म्हणून त्यांनी काकांकडे बोट केलं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर आलाच होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मला काकांचा चेहरा दिसला. लकवा झाल्यापासून त्यांची मान खाली असायची; आता ती ताठ होती. मी तोंड मिटलं.

अण्णांनी गालावरून पालथा हात फिरवला, वरून खाली आणि मग उलटा, जसं ते गिऱ्हाइकाला करून दाखवायचे. कुठं अडला नाही. मग ते पाहुण्यांकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाले, "हात याचा. धार हिची."

काका रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी साबणाची वाटी उचलली आणि पाहुण्यांच्या चहाला आधण ठेवायला आत गेले.